अकरा बेचाळीसची नोंद

१

नवा कंट्रोलर बसवायला कारखान्यानं बाहेरून जी इंजिनिअर बोलावली, ती नेमकी नखकाकांची लेक निघाली. मग काय, रंगाच्या त्या कारखान्यात आठवडाभर दुसरा विषयच उरला नाही.

नखकाका म्हणजे मिश्रण विभागाचे ऑपरेटर. रंग जमला की नाही ते सांगायला प्रयोगशाळा होती, पण काका टाकीचं झाकण उघडून लांब दांडी आत बुडवायचे, तिच्या टोकाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचे, उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "आला," नाहीतर, "अजून." प्रयोगशाळेचा कागद अर्ध्या तासानं यायचा आणि निमूटपणे तेच म्हणायचा. एकतीस वर्षांत त्यांची एकही बॅच वाया गेलेली नव्हती. येत्या शुक्रवारी पिवळ्या रंगाची शेवटची बॅच काढून ते निवृत्त होणार होते. भाषण नको, भेटवस्तू नको, फक्त ही एक बॅच नीट निघू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात लेकीनं त्यांचं जुनं पॅनेल उचकटलं.

"एकतीस वर्षांचा संसार मोडतेस माझा," काका म्हणाले.

"बाबा, तुमचा संसार आईशी आहे. हे पॅनेल आहे."

"हे निदान टकटक करून उत्तर तरी देतं. तुझी आई..." काकांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं, कारण हे घरी पोचणार याची त्यांना खात्री होती.

"शंभर टक्के पोचणार," फिटर म्हणाला. तो प्रत्येक गोष्टीला शंभर टक्के म्हणायचा, म्हणून त्याचं नावच शंभर टक्के पडलं होतं.

नवा कंट्रोलर दिसायला अगदीच साधा होता. एका पट्टीवर पुस्तकं लावावीत तशी शेजारी शेजारी खोचलेली कार्डं. पहिलं वीज देणारं, दुसरं म्हणजे मेंदू, आणि पुढे एकेका कार्डावर सोळा सोळा बारके हिरवे दिवे. कुठलाही स्विच दाबा, कुठलंही दार उघडा, आपापला दिवा लागायचा. एखादं कार्ड बिघडलं तर उपसून दुसरं खोचायचं, बाकीच्यांना धक्का नाही.

पहिल्या चाचणीच्या दिवशी टाकीचं झाकण बिजागरी बदलायला वर्कशॉपमध्ये गेलं होतं. झाकण उघडं असलं की आतलं पातं फिरणारच नाही, असा नियम प्रोग्राममध्येच होता, आणि पातं फिरल्याशिवाय चाचणी होत नव्हती. तेव्हा लेकीनं तिच्या धंद्यातली माणसं करतात तेच केलं. लॅपटॉपवरून कंट्रोलरला सांगितलं, झाकण लागलेलंच आहे असं समजून चाल. याला ती लोकं फोर्स मारणं म्हणतात. टाकी रिकामी होती, पातं झकास फिरलं, शंभर टक्केनं टाळ्या वाजवल्या आणि चहावाल्या मावशींनी सगळ्यांना एक एक कप जास्तीचा दिला.

२

कंट्रोल रूममध्ये एक पडदा होता. कारखान्यात जे जे घडेल त्याची ओळ त्या पडद्यावरच्या यादीत वेळेसकट उमटायची. बाबांना वाचता यावं म्हणून लेकीनं सगळ्या ओळी मराठीत बसवल्या होत्या. पंप सुरू. पंप बंद. झाकण उघडलं. झाकण लागलं. खोलीचं दार प्रत्येकानं आपापलं नंबराचं कार्ड लावून उघडायचं, तेही त्यातच येत होतं.

मंगळवारी सकाळी बाप-लेक पडद्यासमोर बसले होते. वरच एक ओळ होती: दार उघडलं, कार्ड ३०, दहा वाजून वीस मिनिटं.

"तीस म्हणजे मावशी," काका म्हणाले. "पण चहा कुठाय?"

लेकीनं घड्याळ पाहिलं. दहा वाजून सोळा मिनिटं झाली होती.

"कंट्रोलरचं घड्याळ पुढं गेलंय," ती म्हणाली, आणि ते बघायला उठली. घड्याळ बरोबर होतं. तिनं ते आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, मग फोनशी, मग भिंतीवरच्याशी. चौघांचं एकमत होतं. तेवढ्यात कुलूप खट् झालं आणि मावशी चहाची किटली घेऊन आत आल्या. दहा वाजून वीस मिनिटं.

"अगं, अशी काय बघतेस? साखर कमीच घातलीय," मावशी म्हणाल्या.

लेक हसली. हसता हसता तिच्या मानेवरून काहीतरी गार सरकून गेल्यासारखं झालं, पण चहा गरम होता, बाबा खुशीत होते, आणि प्रोग्राममध्ये कुठेतरी बारीक चूक असणार याबद्दल तिला शंका नव्हती.

३

बुधवारपर्यंत यादी अर्धा तास पुढे गेली होती, आणि शंभर टक्केला तर खेळणंच सापडलं होतं.

"मॅडम, ही बघा, अकरा पाचला दार उघडणार. कार्ड सेहेचाळीस. म्हणजे मी!" त्यानं छातीवर हात मारला. "मी नाहीच उघडणार. बघू तुमची यादी काय करते."

तो दाराबाहेर हाताची घडी घालून उभा राहिला. आतून बाप-लेक काचेतून बघत होते. अकराला तो हसत होता. अकरा तीनला शीळ घालत होता. अकरा वाजून पाच मिनिटांनी जिन्यावरून मावशींचा आवाज आला, "अरे मेल्या, दार उघड आधी, हात भाजला माझा!" आणि शंभर टक्केनं काहीही विचार न करता कार्ड लावलं.

काका खुर्चीतून पडायचेच बाकी होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मावशीही हसल्या, कशाला ते न कळता. शंभर टक्के मात्र दारात कार्ड धरून तसाच उभा होता, हसूही येत होतं आणि ओठही कोरडे पडले होते.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "हे शंभर टक्के नाही बरं."

लेकीनं त्या दुपारी एकेक कार्ड उपसायला घेतलं. कुठलं तरी एक बिघडलेलं असणार, साधा हिशेब होता. आधी पडदा बदलला. मग दारांचं कार्ड बदललं. शेवटी मेंदूच उपसला आणि पेटीतला कोरा करकरीत मेंदू त्या जागी खोचून तिचा तोच प्रोग्राम जसाच्या तसा त्यात चढवला. पट्टीवरचे दिवे एकदम विझले. खोलीत इतकं शांत झालं की काकांच्या चपलेची करकर ऐकू आली. मग दिवे लागले.

यादी कोरी होती. तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच वेळी पहिली ओळ उमटली. तिची वेळ पाऊण तासानंतरची होती.

"नवीन डोक्यातही तेच," काका म्हणाले. "माझ्यासारखं हट्टी आहे की." आणि बिनधास्त चहा प्यायले.

४

गुरुवारी चार वाजता निघायची तयारी चालली होती. काका हात धुवायला गेले होते. लेकीनं सहज यादीकडे पाहिलं, आणि पिशवी खांद्याला लावता लावता थांबली.

यादी शुक्रवारपर्यंत पोचली होती.

अकरा एकोणचाळीस, पहिलं ढवळणं संपलं.
अकरा बेचाळीस, दुसरं ढवळणं सुरू.
अकरा बेचाळीस, आपत्कालीन बटण क्रमांक चार दाबलं.

त्यानंतरची ओळच नव्हती.

पिवळा रंग भारी नखरेल, हे तिला लहानपणापासून ऐकून पाठ होतं. दुसरं ढवळणं मध्येच थांबलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि सगळी टाकी ओतून द्यावी लागते. म्हणजे बाबांची शेवटची बॅच, एकतीस वर्षांतली पहिली, वाया जाणार होती. आणि तीही तिच्या कंट्रोलरवर.

तिनं फोननं फोटो काढून ठेवला. बाबा हात पुसत आले तेव्हा तिनं पडदा झाकेल अशा बेतानं उभं राहून विचारलं, "उद्याचा शर्ट इस्त्री झाला का?"

"दोनदा," काका म्हणाले. "तुझ्या आईनं एकदा केला. तो मला पटला नाही."

५

रात्री तिनं स्वतःला चांगलंच फैलावर घेतलं. शिकलीसवरलेली बाई तू, एका यादीला घाबरतेस? पण यादी एकदाही चुकली नव्हती, हेही ती शिकलेलीच असल्यामुळे नाकारता येईना. बॅच पुढे ढकलावी म्हटलं तर बाबांना सांगायचं काय? आणि त्यांचा तो आनंदानं फुललेला चेहरा बघून सांगायचं कुणी?

शेवटी तिला सोपा उपाय सुचला. बटण क्रमांक चार टाकीच्या मागे होतं, भिंत आणि टाकी यांच्यामधल्या बोळात. तिथे एकाच माणसापुरती जागा होती. आपणच तिथे उभं राहायचं. दाबणार कोण मग?

शुक्रवारी सकाळी काका इस्त्रीच्या शर्टात आले तेव्हा शंभर टक्केनं शिट्टी मारली. मावशींनी चहाबरोबर बिस्किटांचा अख्खा पुडा ठेवला. आई बारा वाजता केक घेऊन येणार होती. रंग चढत होता, टाकीतून पात्याची एकसुरी घरघर येत होती, आणि काका जिन्यावरून वरच्या मजल्यावर, टाकीच्या तोंडापाशी, चढताना चक्क गुणगुणत होते.

"कुठे चाललीस?" त्यांनी वरून विचारलं.

"मागे जाऊन येते जरा. बटणं तपासते."

"तपास, तपास. बापाची अब्रू तुझ्या हातात आहे आज."

६

बोळात शिरल्यावर बाहेरचं काहीच दिसेना. समोर टाकीचं गरम पोलाद, पाठीला भिंत, आणि उजव्या हाताशी छत्रीच्या मुठीएवढं लाल बटण. वर बाबा उभे होते, पण इथून त्यांचा पायसुद्धा दिसत नव्हता. फक्त पातं ऐकू येत होतं.

अकरा एकोणचाळीसला पातं थांबलं. पहिलं ढवळणं संपलं होतं.

एकदम सगळं शांत झालं. तिला आपलाच श्वास मोठा वाटायला लागला. तिनं दोन्ही हात मुद्दाम पाठीमागे बांधले. आपण दाबायचं नाही, दुसरं कुणी इथे येऊ शकत नाही, झालं. तीन मिनिटं काढायची आणि आयुष्यभर या यादीवर हसायचं.

अकरा चाळीस. वरून धातूवर धातू घासल्याचा बारीक आवाज आला. तिच्या ओळखीचा होता तो. लहानपणी बाबांबरोबर कारखाना बघायला यायची तेव्हापासूनचा. पहिल्या आणि दुसऱ्या ढवळण्याच्या मध्ये बाबा झाकण उघडून दांडी आत घालायचे. तो रंगाचा निकाल असायचा. नेहमीचंच.

नेहमीचं, म्हणून ती निवांत झाली. आणि त्या निवांतपणातच काहीतरी टोचलं.

तिनं फोन काढला. कालचा फोटो उघडला. पहिलं ढवळणं संपलं. दुसरं ढवळणं सुरू. बटण दाबलं. पुन्हा वाचलं. ही यादी कधीच काही गाळत नाही. मावशींचं दार गाळत नाही, शंभर टक्केचा हट्ट गाळत नाही. मग झाकण उघडलं ही ओळ कुठे आहे?

बाबांनी झाकण तर उघडलंय. मी आत्ता ऐकलं. मग कंट्रोलरला ते का कळलं नाही?

अकरा एक्केचाळीस.

आणि मग तिला आठवलं. टाळ्या. जास्तीचा चहा. झाकण लागलेलंच आहे असं समजून चाल. फोर्स मारला की चिठ्ठी लिहून पॅनेलच्या दारावर चिकटवायची आणि काम झालं की फोर्स काढायचा, हे ती स्वतः दुसऱ्यांना शिकवायची. त्या दिवशी हातात कप होता, सगळे हसत होते, आणि तिनं चिठ्ठी लिहिली नाही. फोर्सही काढला नाही. नव्या मेंदूतही तो प्रोग्रामबरोबर तसाच गेला होता. कंट्रोलरच्या लेखी झाकण आठवडाभर बंदच होतं. आता दुसरं ढवळणं आपोआप सुरू होणार होतं, आणि तिचे बाबा खांद्यापर्यंत टाकीत वाकलेले होते.

"बाबा!" ती ओरडली. बोळानं आवाज गिळला. वर टाकीनंही गिळला असणार.

मोटर हुंकारली.

तिनं दोन्ही हातांनी, अंगातलं सगळं बळ लावून लाल बटण दाबलं.

हुंकार तुटला. टाकीत काहीतरी दणकन आदळलं, आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही किती वेळ होतं ते तिला कधीच सांगता आलं नाही.

मग वरून आवाज आला, भयंकर चिडलेला.

"अरे कोण आहे तो? माझी दांडी वाकवली!"

७

ती जिना कसा चढली तिला ठाऊक नाही. काका झाकणापाशी उभे होते, उजवी बाही खांद्यापर्यंत पिवळी, चेहऱ्यावर पिवळे शिंतोडे, हातात सुतळीसारखी वळलेली लोखंडी दांडी. पातं पाव फेराच फिरलं होतं. तेवढ्यात दांडीची ही गत झाली होती.

लेकीनं त्यांना घट्ट मिठी मारली आणि हमसून हमसून रडायला लागली. रडत रडतच सगळं सांगितलं, फोर्स, चिठ्ठी, चहाचा कप, काहीही न लपवता.

काका दांडीकडे बघत राहिले. मग दांडी धरलेल्या आपल्या हाताकडे. त्यांचा रंग पिवळ्याखालून पांढरा पडत गेला आणि ते हळूच खाली, तिथल्या लोखंडी पायरीवर बसले.

"बॅच गेली का गं?" त्यांनी विचारलं.

"गेली, बाबा. माझ्यामुळे."

"हो," काका म्हणाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. लेक घाबरली. पण ते हसत होते, आधी घशात, मग पोटातून, मग सगळा मजला दणाणेल असे. खालून शंभर टक्के धावत आला, तोही बघता बघता हसायला लागला. नेमकी त्याच वेळी आई केकचा खोका सांभाळत जिन्याशी पोचली, आणि तिनं नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"आज तरी स्वच्छ घरी याल असं वाटलं होतं," आई म्हणाली.

"अगं, आज घरी येतोय हेच पुष्कळ आहे," काका म्हणाले.

मग त्यांनी पाळीचं रजिस्टर मागवलं. त्यात बॅचपुढे शेरा लिहावा लागायचा, आणि एकतीस वर्षं त्यांनी एकच शब्द लिहिला होता, ठीक. आज पिवळ्या बोटांनी पेन धरून त्यांनी सावकाश लिहिलं: बॅच वाया. कारण, ऑपरेटर जिवंत ठेवायचा होता.

आणि खाली झोकात सही केली. मॅनेजरांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि केकचा मोठा तुकडा काकांपुढे केला.

८

फोर्स काढल्याशिवाय तिला केक गोड लागणार नव्हता. ती एकटीच कंट्रोल रूममध्ये आली, फोर्स काढला, शंभर टक्केला झाकण तीनदा उघडायला-लावायला सांगितलं. तीनदा दिवा बरोबर लागला, बरोबर विझला. यादीतही ओळी आल्या, अगदी वेळच्या वेळी. ती खुर्चीत मागे रेलली. संपलं म्हणायचं.

मग सगळ्यात वर एक ओळ उमटली.

उद्या, सहा बावन्न, दार उघडलं, कार्ड ११४.

एकशे चौदा हे बाबांचं कार्ड. तिला हसू फुटलं. निवृत्त होऊन एक दिवस नाही झाला, तर उद्या सकाळी हजर! बाहेर येऊन तिनं बाबांना दटावलं. काकांनी शपथेवर सांगितलं की ते उद्या दहापर्यंत झोपणार आहेत, आणि तसंही कार्ड उरलंच कुठे होतं? ऑफिसातल्या कारकुनानं नियमाप्रमाणे ते मघाशीच जमा करून घेतलं होतं. कात्रीनं कापलेले दोन तुकडे त्यानं टेबलाच्या खणातून काढून दाखवले.

शनिवारी पावणेसातला लेक कंट्रोल रूममध्ये होती. कारखाना बंद होता. स्वच्छ कोवळं ऊन काचेतून थेट टेबलावर आलं होतं, आणि ती बाबांच्या खुर्चीत बसली होती. सहा एकावन्नला तिनं आईला फोन लावला.

"बाबा कुठेत?"

"कुठे असणार? झोपलेत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी आधी उठले," आई खुशीत होती. "घोरतायत बघ कसे. ऐक." आणि तिनं फोन त्यांच्या तोंडाशी नेला.

लेक ऐकत राहिली. ते घोरणं म्हणजे जुनी मोटर गिअर बदलते तसं होतं. इतकं जिवंत, इतकं घरचं, की तिला भरून आलं.

घोरणं थांबलं.

दाराचं कुलूप खट् झालं. दार उघडलं, सवयीच्या माणसानं उघडावं तसं, ना जास्त ना कमी, एका जाडसर माणसाला पुरेल इतकं. क्षणभर तसंच राहिलं. मग कुणीतरी पाठीमागे हात करून लावावं तसं हलकेच लागलं. पट्टीतल्या दारांच्या कार्डावरचा हिरवा दिवा पेटला होता.

"कूस बदलली गं," फोनमधून आई म्हणाली. आणि पुन्हा घोरणं सुरू झालं.

लेकीच्या अंगावर सरसरून काटा आला. ती उठली.

"या, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांची खुर्ची सोडून शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली.